बोट मुरगाळणं: कुस्तीत याला मनाई का?

ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) भागातल्या मैदानांत कुस्ती सुरू होते ती खडाखडीने. पैलवान एकमेकांची ताकद जोखतात, हात हातात गुंततात. समोरच्याचं एखादं बोट मागे वाकवण्याचा मोह होतो तो इथेच. पण हा डाव नव्हे, आगळीक आहे.

सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, त्या गादीवरच्या कुस्तीच्या नियमांतही बोटं पिरगाळायला बंदी आहे. ज्युदोत सांध्याचा पेच फक्त कोपराला चालतो.

बोटं हलवणारे मोठे स्नायू असतात कोपराखालच्या हातात. बोटापर्यंत पोचतात त्या फक्त दोऱ्यांसारख्या कंडरा. त्यामुळे पूर्ण हाताच्या जोरापुढे एकटं बोट टिकत नाही. कोपराच्या पेचात कळ वाढत जाते, थोपटून हार मानता येते. बोटाला तेवढा वेळ मिळत नाही. शिवाय कुस्तीत थोपटणं नाहीच, पाठ टेकली की निकाल.

रीलमधले बोटांचे पेच बहुधा स्वसंरक्षणाच्या वर्गातले असतात. तिथे जोडीदार थोपटताच पकड सुटते. तालमीत ते करून बघू नयेत.

बोट दुखावलंच तर अंगठी लगेच काढावी, बर्फ लावावा. वाकडं दिसलं तर ओढून सरळ न करता एक्स-रे काढावा.