नूरजहान : वारसा आणि आधुनिक काळातील कुतूहल

मोगल सम्राज्ञी नूरजहान (१५७७–१६४५) हिच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन तिच्या मृत्यूनंतर वेळोवेळी बदलत गेले. १६११ मध्ये जहांगीराशी विवाह झाल्यावर तिने राज्यकारभारात भाग घेतला आणि फर्माने काढली. तिच्या नावाची नाणीही पाडली गेली. हा मान अन्य कोणत्याही मोगल बेगमेस लाभला नाही. १६२७ मध्ये जहांगीर मरण पावला व तिचा विरोधक शाहजहान गादीवर आला. त्याच्या आश्रयाने लिहिल्या गेलेल्या इतिहासांत तिच्या वाट्याला दोषच अधिक आले. मद्यपी पती आणि कारस्थानी पत्नी हे चित्र पुढे दीर्घकाळ टिकले.

बेनी प्रसाद यांनी १९२२ मधील आपल्या जहांगीरविषयक ग्रंथात नूरजहान, तिचे वडील, भाऊ आसफखान व शाहजादा खुर्रम यांचे एक सत्तामंडळ असल्याचे मत मांडले. नुरुल हसन यांनी ते अमान्य केले. एलिसन बँक्स फिंडली (१९९३) आणि रूबी लाल (२०१८) यांच्या चरित्रांनी तिच्या कर्तृत्वाचा पुन्हा विचार केला. रूबी लाल तिला सहशासक मानतात.

लोकमानसात मात्र तिचे प्रणयी रूपच अधिक रुजले. सलीम व मेहरुन्निसा यांच्या तारुण्यातील प्रेमाची कथा उत्तरकालीन असून समकालीन साधनांत तिला आधार नाही. गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेयही तिला दिले जाते. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात ते तिच्या आईला दिले आहे. याउलट तिने सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याची नोंद त्याच ग्रंथात आहे, पण ती कथाकारांना फारशी आकर्षक वाटलेली नाही. द्विजेंद्रलाल राय यांचे बंगाली नाटक, सोहराब मोदींचा ‘पुकार’ (१९३९) हा नसीम बानू यांची भूमिका असलेला चित्रपट आणि इंदू सुंदरेसन यांच्या कादंबऱ्या यांतून ही प्रतिमा घराघरांत पोहोचली.

आग्र्यातील इतिमादुद्दौला मकबरा तिने आपल्या आईवडिलांसाठी बांधविला. पांढऱ्या संगमरवरातील त्याचे जडावकाम ताजमहालाच्या अगोदरचे आहे. लाहोरजवळील शाहदरा येथील तिची स्वतःची कबर मात्र उपेक्षित राहिली. शीख राजवटीत तिचा संगमरवर काढून नेण्यात आला आणि ब्रिटिश काळात टाकलेल्या लोहमार्गाने ती जहांगीराच्या मकबऱ्यापासून तोडली गेली. आजही या दोन वास्तूंच्या मधून रेल्वे जाते.