आरोग्यसेवा-व्याप्तिमापन
एखाद्या आरोग्यसेवेची गरज असणाऱ्यांपैकी किती जणांपर्यंत ती प्रत्यक्ष पोहोचली, हे ठरविण्याची पद्धती. सेवा मिळालेल्यांची संख्या हा या गुणोत्तराचा अंश व गरजूंची संख्या हा छेद होय. अंश दवाखान्याच्या नोंदवहीत सापडतो. छेदासाठी मात्र घरोघरची गणना लागते. या विषयाचा इतिहास मुख्यत्वे छेदाच्या शोधाचा आहे.

भारतात १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी-निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. टोचण्यांचे आकडे मोठे असूनही साथी थांबल्या नाहीत. कारण शाळकरी मुलांसारख्या सहज सापडणाऱ्यांना पुन्हापुन्हा टोचले जाई आणि तान्ही मुले व फिरते मजूर सुटत. टोचण्या मोजणे व माणसे मोजणे यांतील भेद यातून स्पष्ट झाला. पुढे रोग्यांचा शोध घेऊन त्यांच्या भोवतालच्या लोकांना टोचण्यावर भर देण्यात आला व मे १९७५ नंतर देशात देवीचा रोगी आढळला नाही. लसीकरणाच्या व्याप्तीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ३० वस्त्यांतून प्रत्येकी ७, अशा २१० बालकांच्या नमुना पाहणीची पद्धत रूढ केली.

महाराष्ट्रात ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून गडचिरोली जिल्ह्यातील गावांत जन्म व नवजात मृत्यू यांची घरोघर नोंद ठेवली. दवाखान्यापर्यंत न पोहोचलेली बालके त्यामुळे गणनेत आली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९२-९३ मध्ये पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली. तीत राज्यवार अनुमाने होती. जिल्हावार अनुमाने २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीपासून मिळू लागली.

या पाहणीची मर्यादा सेनगाव तालुक्याच्या उदाहरणाने ध्यानात येते. हा तालुका १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. जिल्ह्याच्या पाच तालुक्यांची सरासरी एकच निघत असल्याने सेनगावची स्थिती तीत वेगळी दिसत नाही; ती स्थानिक नोंदींवरूनच ठरवावी लागते. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत या नोंदीही अपुऱ्या पडतात. मुलाचे नाव गावच्या यादीत आणि मूल कारखान्याच्या परिसरातील कोपीत, अशा वेळी दोन्हीकडील नोंदींची सांगड न घातल्यास ते कोणाच्याच गणनेत येत नाही. म्हणून व्याप्तीचा आकडा वाचताना, छेदात कोणाला धरले आहे व कोण सुटले आहे, हे प्रथम पाहणे आवश्यक ठरते.