नावाचा डाग

एखादा चुकीचा शब्द माणसाला किती छळतो! शरीराची संरक्षक फौज आपल्याच यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर उलटते, असा एक आजार आहे. तो बहुतांशी स्त्रियांना होतो. पूर्वी तो कळायचा कावीळ झाल्यावर, यकृत निबर झाल्यावर. म्हणून नाव पडलं 'प्रायमरी बिलिअरी सिऱ्होसिस'.

१९६५ साली लंडनच्या डॉक्टरांना रक्तातली खूण सापडली. पुढे यकृत धडधाकट असतानाच निदान होऊ लागलं. नाव मात्र तेच! सिऱ्होसिस म्हटलं की लोकांना दारूच आठवे. थेंबही न घेतलेल्या बाईकडे संशयानं पाहिलं जाई. अखेर रुग्णांच्याच आग्रहानं २०१५ साली 'सिऱ्होसिस' गेलं, 'कोलान्जायटिस' म्हणजे पित्तनलिकांचा दाह आला. रोग तोच, डाग पुसायला पन्नास वर्षं लागली.