मांडवी ते वाशी : संसर्गप्रतिबंधाच्या शिक्षणाचा इतिहास

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी विभागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी तापाचे काही रुग्ण तपासले आणि हा ग्रंथिक सन्निपात, अर्थात प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याची गोदामे आणि त्यांच्या आजूबाजूस दाटीवाटीने वसलेली घरे. या परिसरातील धान्य व मसाल्याचा घाऊक व्यापार पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी वाशीच्या बाजार आवारात आला. नवी मुंबईतील कित्येक व्यापारी कुटुंबांच्या जुन्या पेढीचा पत्ता आणि मुंबईतील प्लेगचा पहिला पत्ता अशा रीतीने एकच ठरतो.

सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. घरे धुऊन काढली, सामान जाळले, रुग्णांना सक्तीने हलविले. लक्षावधी लोकांनी शहर सोडले. निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उभारली. परंतु रोग पसरतो कसा, हेच त्या वेळी कोणास नीट ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. तो उंदरावरील पिसवांच्या मार्फत माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत रुग्णसेवा करणाऱ्यांजवळ धैर्य होते, ज्ञान नव्हते. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सेवा करताना स्वतःचा व दुसऱ्या रुग्णाचा बचाव कसा करावा, हे शिकविण्याची व्यवस्थाच तेव्हा नव्हती.

याच काळात वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका छोट्या प्रयोगशाळेत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली व तेथून देशभर लस जाऊ लागली. येथपर्यंतचा इतिहास बहुतेकांस ठाऊक असतो. यापुढील प्रकरण मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी (हे गाव आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांना परळहून आलेली लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांतच धनुर्वात झाला व ते सर्व दगावले. या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. चौकशी समितीने बाटली परळ येथेच दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला आणि दोषाचा ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांनी लसीच्या निर्मितीपद्धतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळले होते; तेच त्यांच्याविरुद्ध गेले. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

वस्तुतः चौकशीच्याच कागदपत्रांत एक साधी गोष्ट नोंदलेली होती. मुलकोवाल येथे बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो पुरेसा निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढण्यात आले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. मग बाटली परळला बिघडली की मुलकोवालच्या अंगणात, हा प्रश्न विचारावयास हवा होता. तो ठामपणे विचारला गेला तो पाच वर्षांनी. जुलै १९०७ मध्ये मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध केले, तेव्हा हाफकिन दोषमुक्त झाले. ते भारतात परत आले, पण मुंबईस नव्हे, कलकत्त्यास. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले.

या घटनेचा सर्व दोष त्या मदतनिसावर टाकणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य वाटत नाही. पडलेले हत्यार मातीचे जंतू घेऊनच वर येते, डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी ते शुद्ध नसते, हे त्याला कोणी आणि कितपत शिकविले होते? लाखो लोकांना लस टोचण्याची योजना आखणाऱ्यांनी लसीचा हिशेब ठेवला, टोचणाऱ्या हातांच्या शिक्षणाचा ठेवला नाही. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच डॉक्टरांना हात धुण्यास लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखविले होते आणि लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ पासून ज्ञात होती. ज्ञान असणे आणि ते शेवटच्या कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचणे यांत फार मोठे अंतर असते.

आपल्या देशात हे अंतर कायद्याने भरून काढण्याचा प्रयत्न पुष्कळ उशिरा झाला. रुग्णालयीन कचऱ्याविषयी पहिले नियम १९९८ मध्ये आले. २०१६ च्या नियमांनी असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यास नोकरीस लागतेवेळी आणि त्यानंतर दरवर्षी किमान एकदा प्रशिक्षण देणे रुग्णालयावर बंधनकारक केले. पिवळा, लाल, पांढरा व निळा असे वर्गीकरण ठरले. सुया व धारदार वस्तू पांढऱ्या, छेद न जाणाऱ्या डब्यातच टाकावयाच्या. याच नियमांनुसार या कर्मचाऱ्यांना कावीळ ‘ब’ आणि धनुर्वात यांच्या लसीही द्याव्या लागतात. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने संसर्गप्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, कोविडमुळे महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. मे महिन्यात वाशीचा घाऊक बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला आणि वाशी येथील सिडको प्रदर्शन केंद्रात महापालिकेने सुमारे १,२०० खाटांचे कोविड रुग्णालय उभे केले. अशा रुग्णालयांत डॉक्टर व परिचारिकांबरोबरच वॉर्डबॉय, सफाई कामगार आणि रुग्णवाहिकेचे चालक यांनाही सारखेच शिकावे लागले. संरक्षक पोशाख घालताना नव्हे, तर तो उतरविताना संसर्गाचा धोका अधिक असतो. कारण त्या वेळी त्याची बाहेरची बाजू दूषित झालेली असते. म्हणून मोजे, झगा, चष्मा व मुखपट्टी कोणत्या क्रमाने काढावी आणि मध्ये मध्ये हात केव्हा धुवावेत, याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला जातो.