तीरकामठा

वसईचा इतिहास म्हटला की आपल्याला चिमाजीअप्पा आठवतात. १७३९ सालचा तो वेढा, ते सुरुंग, तो खिंडार पडलेला बुरूज. आम्ही मास्तर मंडळीही तेवढेच शिकवतो. पण किल्ल्याच्या पूर्वेला तुंगारचा डोंगर आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालले ते हत्यार निराळेच: तीरकामठा.

पावसाळाभर कामठा चुलीच्या वर आढ्याला टांगलेला असायचा, दोरी उतरवून. दोरी चढवूनच ठेवली तर बांबू त्या वळणाला बसतो, जोर जातो. भातकापणी उरकली की तो खाली यायचा. एका वृद्ध वारल्याने मला हे सारे दाखवले. "मास्तर, तू आधी ऐक," तो म्हणाला. (ही माणसे कलेक्टरलाही 'तू'च म्हणतात; त्यात अनादर नसतो.) त्याने दोरी चढवून बोटाने छेडली. आवाज बद्द आला. पीळ देऊन दोरी थोडी आखूड केली, पुन्हा छेडली. असे तीनदा. मग बाण निखाऱ्यावर शेकून, डोळ्यासमोर धरून सरळ केला आणि केळीच्या खुंटावर सोडला. बाण शेपूट हलवीत गेला. मला वाटले हात चुकला. छे! पीस वाकडे बसले होते. ते सोडून त्याने पुन्हा बांधले. पुढचा बाण खुंटात रुतला.

हे हत्यार काही रानातलेच नव्हे. बोरिवलीजवळ एकसरला शिलाहारकाळातले वीरगळ आहेत. त्यांवरच्या लढाईत धनुर्धारी कोरलेला आहे. पण १८७८ च्या जंगल कायद्याने रान राखीव झाले आणि पोटासाठी शिकार करणारा गुन्हेगार ठरला. साहेब मात्र परवाना काढून बंदूक घेऊन खुशाल हिंडत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पुढे शिकारीला आळा घातला, २००३ साली तुंगारेश्वर अभयारण्य झाले. हे व्हायलाच हवे होते, रान उरलेच आहे किती! पण शिकारीबरोबर कामठा जुळवण्याची विद्याही चालली, आणि ती कुठल्या दप्तरात लिहिलेली नाही.

"मग आता जुळवतोस कशाला?" मी विचारले.

"नातू इचारतो," म्हणून त्याने दोरी उतरवली.

शिक्षक बंधूंनो, तुमच्या गावात कुणाच्या आढ्याला जुना कामठा असेल तर त्याची लांबी मोजा, दोरी कशाची ते पाहा, आणि त्याच्या एकेका भागाला घरची म्हातारी माणसे काय म्हणतात ते मुलांकडून वहीत उतरवून घ्या.