वॉशिंग्टनचा निरोप : वारंवार वाचलेला, अर्धाच ऐकलेला

सत्ता सोडताना जॉर्ज वॉशिंग्टनने अमेरिकेला काय सांगितले, असे विचारले तर बहुतेकांकडून एकच उत्तर येते : परकीय राष्ट्रांशी गुंतवून टाकणारे मैत्रीकरार करू नका. गंमत अशी, की ‘गुंतवून टाकणारे करार’ हा शब्दप्रयोग वॉशिंग्टनच्या निरोपात नाहीच. तो थॉमस जेफरसनच्या ४ मार्च १८०१ च्या शपथविधीच्या भाषणातला आहे. वॉशिंग्टनचा मजकूर अधिक सावध आहे. कायमस्वरूपी मैत्रीकरार टाळावेत, असाधारण प्रसंगी तात्पुरता करार करण्यास हरकत नाही आणि आधी दिलेला शब्द मात्र पाळावा, एवढेच तो सांगतो.

हा तपशील किरकोळ नाही. पुढच्या पिढ्यांनी या दस्तऐवजातून परराष्ट्र धोरणाचे तेवढे सूत्र उचलले. १९१९ मध्ये राष्ट्रसंघाच्या अमेरिकी विरोधकांनी त्याचाच आधार घेतला. १९४९ मध्ये अमेरिका ‘नाटो’त सामील झाली, तेव्हा वॉशिंग्टनचा उपदेश कालबाह्य झाला असे अनेकांनी मानले. परंतु त्याच्या उपदेशाचा गाभा परराष्ट्र धोरण हा नव्हताच, असे माझे मत आहे. देशातली फूट हा त्याचा खरा विषय होता. परकीयांबद्दलचा इशारा त्या फुटीतूनच निघालेला आहे.

मुळात हे भाषणही नव्हे. वॉशिंग्टनने ते कधीच कोणासमोर वाचले नाही. १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियातील डेव्हिड क्लेपूलच्या दैनिकात ते छापून आले. सुमारे सहा हजार शब्दांचे, ‘मित्रांनो आणि सहनागरिकांनो’ असे संबोधून लिहिलेले पत्र. त्याच्या जन्माची कथाही बोलकी आहे. १७९२ मध्ये, पहिल्या कारकिर्दीच्या अखेरीस निवृत्त होण्याचा वॉशिंग्टनचा विचार होता. तेव्हा त्याने जेम्स मॅडिसनकडून एक मसुदा करून घेतला होता. तो बेत रहित झाला. चार वर्षांनी त्याने तोच मसुदा, स्वतःची भर घालून, अलेक्झांडर हॅमिल्टनकडे दिला आणि हॅमिल्टनने त्याला नवे रूप दिले. १७८७-८८ मध्ये राज्यघटनेच्या समर्थनार्थ खांद्याला खांदा लावून लेख लिहिणारे हे दोघे १७९६ पर्यंत एकमेकांचे कट्टर विरोधक झाले होते. म्हणजे गटबाजीविरुद्धच्या या पत्राचे दोन्ही मसुदाकार दोन गटांचे म्होरके होते.

गट पडले कशावरून? कर, राष्ट्रीय बँक, केंद्राचे अधिकार असे प्रश्न होतेच. १७९३ मध्ये क्रांतिकारक फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले आणि फुटीला भावनिक धार आली. १७७८ च्या तहाने फ्रान्स अमेरिकेचा मित्र होता. व्यापार मात्र मुख्यतः ब्रिटनशी होता. वॉशिंग्टनने तटस्थता जाहीर केली. फ्रान्सचा दूत जने याने सरकारला डावलून थेट अमेरिकी जनतेला साद घालण्याचा पवित्रा घेतला. पुढे ब्रिटनशी झालेल्या जे-कराराचा तपशील १७९५ मध्ये बाहेर आला आणि वाटाघाटी करणाऱ्या जॉन जेचे पुतळे गावोगाव जाळले गेले. १७९६ च्या निवडणुकीतही फ्रान्सचा दूत आदे याने जेफरसनच्या बाजूने उघड पत्रके प्रसिद्ध केली.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की पत्रातले दोन उपदेश एकच आहेत हे कळते. वॉशिंग्टनचा युक्तिवाद असा : पक्ष आळीपाळीने एकमेकांवर सूड उगवू लागले की लोक त्या गोंधळाला कंटाळतात आणि एखाद्या माणसाच्या निरंकुश सत्तेत आसरा शोधू लागतात. याच पक्षद्वेषाच्या वाटेने परकीय सत्तांनाही घरात शिरकाव मिळतो. स्वतःच्या देशबांधवापेक्षा दूरचे राष्ट्र ज्याला जवळचे वाटते, त्याला ते राष्ट्र सहज वापरून घेते. परकीय हस्तक्षेप हा बाहेरून होणारा हल्ला असतो, या समजुतीपेक्षा हे निदान मला अधिक खोल वाटते. दार आतूनच उघडले जाते.

मात्र या निदानाला एक धोकादायक कड आहे. गट वाईट, हे मान्य केले की सत्ताधाऱ्याला ‘विरोधक म्हणजेच गट’ असे म्हणणे सोपे जाते. घडलेही तसेच. १७९८ मध्ये हॅमिल्टनच्याच पक्षाने राजद्रोहाचा कायदा करून सरकारवरची टीका गुन्हा ठरवली. व्हरमाँटचा लोकप्रतिनिधी मॅथ्यू लायन त्याखाली तुरुंगात गेला आणि मतदारांनी तो तुरुंगात असतानाच त्याला पुन्हा निवडून दिले. संघटित, कायदेशीर विरोध हाच निरंकुश सत्तेवरचा उपाय असतो, ही गोष्ट वॉशिंग्टनच्या पत्रात नाही. ती त्या मतदारांनी शिकवली.

पत्रातले दुसरे न्यून अधिक गंभीर आहे. पक्ष भौगोलिक रेषांवर, उत्तर विरुद्ध दक्षिण असे उभे राहू नयेत, असे त्यात बजावले आहे. ते का उभे राहतील, याबद्दल मात्र मौन आहे. गुलामगिरीचा उल्लेखच नाही. याच वर्षी, २१ मे १७९६ रोजी, ओना जज ही गुलाम तरुणी फिलाडेल्फियातील अध्यक्षांच्या घरातून निसटली. तिला पकडून देणाऱ्यास बक्षीस देऊ करणारी जाहिरात शहरातील वृत्तपत्रांत छापली गेली. त्यानंतर चार महिन्यांनी त्याच शहरात एकतेचे हे पत्र छापले गेले. वॉशिंग्टनने १७९९ च्या मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या गुलामांच्या मुक्तीची तरतूद केली खरी, पण राष्ट्राला उद्देशून तो काही बोलला नाही. १८६१ मध्ये देश त्याने सांगितलेल्या रेषेवरच, परंतु त्याने न सांगितलेल्या कारणाने फुटला. त्या यादवीतून गुलामी नष्ट झाली. १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केला, तो त्यांच्या याच कार्याबद्दल. अमेरिकेच्या इतिहासातले कोणते पान आपल्या कामाचे, हे पुण्यात बसून फुल्यांनी अचूक ओळखले होते.

मग या उपदेशात आज टिकण्यासारखे काय? माझ्या मते, पक्षद्वेषाचे निदान, आणि त्याहून अधिक, तो उपदेश कोणत्या कृतीसह आला ती कृती. तेव्हा अध्यक्षाने किती वेळा निवडून यावे यावर घटनेत कोणतेही बंधन नव्हते. ते २२ व्या घटनादुरुस्तीने १९५१ मध्ये आले. वॉशिंग्टनने ठरवले असते तर तो मरेपर्यंत त्या पदावर राहू शकला असता. ४ मार्च १७९७ रोजी जॉन अ‍ॅडम्सने शपथ घेतली आणि वॉशिंग्टन सामान्य नागरिक म्हणून घरी परतला. एका माणसाच्या सत्तेचा मोह टाळा, हे सांगण्याचा अधिकार त्याला या कृतीने दिला.

२२ फेब्रुवारी १८६२ रोजी, यादवी ऐन भरात असताना, हे पत्र अमेरिकी संसदेत वाचले गेले. पुढे सिनेटमध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीच्या सुमारास त्याच्या वाचनाची वार्षिक प्रथाच पडली. वाचणारा सिनेटर एका वर्षी एका पक्षाचा, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या पक्षाचा असतो. वाचून झाल्यावर तो एका काळ्या कातडी बांधणीच्या वहीत सही करतो आणि चार शब्द लिहितो. १९०० पासूनच्या या नोंदींमध्ये एकमेकांशी आयुष्यभर भांडलेल्या माणसांच्या सह्या एकाच वहीत आहेत. उपदेश पाळला गेला, असे त्यावरून म्हणता येणार नाही. पण तो विरोधकाच्याही तोंडून ऐकून घ्यायचा असतो, एवढे तरी ती वही दरवर्षी मान्य करते.