भट्टी आणि तळे

पंचवार्षिक योजनांचा इतिहास लिहिताना लेखणी सहजच मोठ्या गोष्टींकडे वळते. धरणे, कारखाने आणि पूल डोळ्यांत भरतात. तळ्याच्या उथळ पाण्यात काय घडले, याची नोंद मागे राहते. भिलईच्या निमित्ताने ही मागे राहिलेली नोंद आठवणे उचित ठरेल.

सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून भिलईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीतून बाहेर पडणाऱ्या लोहरसाचे उष्णतामान चौदाशे ते पंधराशे अंश असते. परंतु ज्या दुर्ग जिल्ह्यात हा कारखाना वसला, तो मूळचा तळ्यांचा मुलूख. तेथील धमधा गावी ‘सहा कोड्या आणि वर सहा’ म्हणजे १२६ तळी होती, असे परंपरा सांगते. १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी तळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना छत्तीसगडातील हे तळ्यांचे जग परके वाटणार नाही. भंडाऱ्याकडे ढिवर, तर छत्तीसगडात केंवट आणि ढीमर या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या जगत आले.

या तळ्यांची एक मोठी अडचण होती. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात उत्तम वाढतात, परंतु तेथे सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना आषाढ-श्रावणातील पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून तळ्यात सोडावयाचे मत्स्यबीज नदीतून गोळा करावे लागे. गंगेच्या खोऱ्यातील बीज मातीच्या मडक्यांत भरून कलकत्त्याहून आगगाडीने दूरदूरच्या प्रांतांत जाई. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरून वाळते आणि आतले पाणी गार राहते, हे त्या वाहकांना ठाऊक होते. मात्र अशा बीजात निरुपयोगी जातींची भेसळ असे आणि वाटेत पुष्कळ पिल्ले मरत.

भिलईची उभारणी चालू असतानाच या प्रश्नाचे उत्तर ओरिसात शोधले जात होते. माशाच्या मेंदूच्या तळाशी पोष ग्रंथी नावाची इवलीशी ग्रंथी असते. तिचा अर्क टोचून माशाला अंडी घालावयास लावता येते, हे अर्जेंटिना आणि ब्राझील या देशांतील शास्त्रज्ञांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले होते. कटक येथील केंद्रीय मत्स्यसंशोधन केंद्रात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी हा मार्ग भारतीय माशांसाठी चोखाळला. १० जुलै १९५७ रोजी अंगुल येथील मत्स्यक्षेत्रात त्यांना यश आले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

परंतु अंडी मिळणे आणि पिल्ले मिळणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. रोहूचे अंडे पाण्यात पडताच फुगते आणि काचमण्यासारखे पारदर्शक दिसते. तासाभराच्या आत त्यातील एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार अशा पेशी होऊ लागतात. पुढे त्या पेशींचा थर बलकाच्या गोळ्यावर पसरतो, पाठीचा कणा आखला जातो, शेपटी हलू लागते. पाण्याचे उष्णतामान सव्वीस ते एकतीस अंश असेल, तर अवघ्या १४ ते १८ तासांत पिल्लू बाहेर येते. गर्भाला स्वतःची ऊब नसते. त्याच्या वाढीचा वेग पाणीच ठरविते. पाणी गार असेल तर पेशींचे विभाजन मंदावते आणि अंड्यांवर बुरशी चढावयास अवसर मिळतो. ते फार तापले तर दुहेरी संकट ओढवते. गर्भाची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यातील प्राणवायू मात्र घटतो: वीस अंशांना एका लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसात. घाईने वाढलेली पिल्ले मग वाकड्या कण्याची निपजतात किंवा अंड्यातच मरतात. आरंभीचे काही तास सर्वांत नाजूक असतात.

याच नियमाचा उपयोग थंड देशांतील माणसाने उलट दिशेने करून घेतला होता. १८६४ साली ‘नॉरफोक’ नावाच्या जहाजातून सामन आणि ट्राउट माशांची अंडी शेवाळात गुंडाळून, बर्फाखाली ठेवून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास नेण्यात आली. त्यापूर्वीचे प्रयत्न फसले होते. या वेळी गारव्याने गर्भाची वाढ इतकी मंद ठेवली की सुमारे तीन महिन्यांचा प्रवास संपल्यावर टास्मानियात पिल्ले जन्मली. रोहूच्या अंड्याला असा अवधी नाही. त्याचा सारा हिशेब एका दिवसाचा.

म्हणूनच १९५७ नंतरची खरी कसोटी पाण्याचीच होती. आरंभी अंडी तळ्यात ताणून बांधलेल्या, ‘हापा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुहेरी कापडी पेटीत उबवीत. ढगाळ दिवशी, पावसाच्या सरी पडत असताना पिल्ले भरपूर निघत. पाऊस दडी मारून ऊन पडले की उथळ पाणी तापे आणि हाती थोडेच लागे. पुढे चिनी पद्धतीची गोल टाकी आली. तिच्यात पाणी अखंड फिरते राहते, अंडी तळाशी बसत नाहीत आणि प्राणवायूही मिळतो. केंवटांनी पिढ्यान् पिढ्या ढगांकडे पाहून जे ओळखले, तेच उष्णतामापकाने आकड्यांत सांगितले.

हा हिशेब आता पुन्हा मांडावा लागत आहे. पश्चिम बंगालच्या मत्स्यबीज केंद्रांत माशांच्या प्रजननाचा हंगाम पूर्वीपेक्षा महिना-दोन महिने अलीकडे सरकला असल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे, आणि तापत चाललेले पाणी हे त्याचे एक कारण मानले जाते. हंगाम लवकर आला म्हणजे लाभच झाला, असे मात्र नाही. वैशाखातले पाणी एखाद्या दुपारी मर्यादा ओलांडते, आणि त्या दुपारी उबवणीस घातलेला सारा घाणा वाया जातो.

झोतभट्टीत पन्नास अंश कमी-अधिक झाले तर कामगार ते सावरून घेतो. तळ्यातील अंड्याला पाच अंशांचीही सवलत नाही. देशाला पोलाद आणि अन्न ही दोन्ही हवी असतील, तर भट्टीच्या उष्णतेइतकीच काटेकोर नोंद तळ्याच्या पाण्याचीही ठेवावी लागेल.